तिरकी पेन्सिल

नाटकाच्या हँडबिलावर द्वारकाबाईंचं नाव कायम नायिकेच्या खाली आणि पडदेवाल्याच्या वर असायचं. 'विनोदसम्राज्ञी कु. द्वारका शिरवळकर.' यातलं विनोदसम्राज्ञी हे छापखानेवाल्यानं स्वतःच्या मनानं घातलेलं, आणि कुमारी हे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. जत्रेच्या नाटकात काम करणारी प्रत्येक नटी हँडबिलापुरती कुमारीच असायची. बाई तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकदा हँडबिल दाखवून त्यांची थट्टा केली, तर म्हणाल्या, "असू द्या मास्तर. कागदावर का हुईना, कुनी तरनी केलीया. आपुन कशाला खोडायचं?"

मी मास्तर नव्हतो. साताऱ्याच्या कोर्टात नक्कल कारकून होतो. दिवसभर निकालांच्या नकला काढायच्या, लाल-निळ्या पेन्सिलीनं चुका दाखवायच्या आणि संध्याकाळी घरी जायचं. कसलंही गचाळ अक्षर मला लागत असे, म्हणून सुट्ट्यांच्या दिवशी नाटकाचा प्रॉम्प्टर म्हणून मला बोलावणं यायचं. हातात सतत वही, म्हणून बाई मला मास्तर म्हणायच्या, आणि त्या म्हणायच्या म्हणून सगळेच म्हणू लागले. पुढे पुढे तर मी घरातून निघालो की बायकोसुद्धा आतून विचारायची, "मास्तर, पेन्सिल घेतली का?"

साठच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या भागात जत्रा म्हटली की नाटक आलंच. गावातली मंडळी महिना-दीड महिना तालमी करायची, पण बायकांची कामं करायला गावातली बाई कोण उभी राहणार? मग नट्या सांगली-साताऱ्याहून आणायच्या. नटी यायची ती नाटकाच्या दिवशीच दुपारी, एस.टी.नं, पत्र्याची ट्रंक घेऊन. आधी ना ओळख ना तालीम. पंधरा-वीस नाटकं तोंडपाठ असलेली ही बाई दुपारी एकदा गावकऱ्यांबरोबर उभी राहायची आणि दिवेलागणीनंतर त्यांच्यातल्या कुणाची बायको, कुणाची सासू, कुणाची विहीण होऊन जायची.

गावांकडून सुपारी, म्हणजे खेळाचा विसार, घेऊन हे सगळं जुळवून द्यायचे सांगलीचे अण्णा. पडदे, कपड्यांची ड्रेपरी, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, नट्या आणि प्रॉम्प्टर असा सगळा सरंजाम तेच पुरवायचे. अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचे. त्यामुळे ऐन रंगरंगोटीच्या वेळी ते हटकून कुणाच्या तरी सोप्यात ताटावर बसलेले असायचे आणि इकडे नायकाची दाढी सापडत नसायची.

बाई दिसायला बेताच्याच. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर हिरवं गोंदण. नायिकेला बघायला लोक येतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. "तिला बघायला येत्यात, आन जाताना माझं बोलत जात्यात," असं त्या म्हणायच्या. तोंड वेडंवाकडं करून हसवणाऱ्यांचा त्यांना फार राग. हसवायला तोंड लागत नाही, मान लागते, हे त्यांचं मत. आणि खरंच, नुसती मान अर्धी वळवून त्या एखाद्याकडे अशा बघायच्या की तो माणूस पुढचं वाक्य विसरायचा.

वाक्य विसरणारे नट ही तर आमची रोजची भाकरी. माण तालुक्याच्या बाजूला एका गावात डॉक्टरचं काम एका पैलवानाकडे होतं. अंगात कोट घट्ट बसलेला, गळ्यात स्टेथॉस्कोप, आणि समोर माणसं बघून गडी जो गप झाला तो झालाच. मी विंगेतून ओरडून घसा कोरडा केला. बाई त्याच्यासमोर पेशंट म्हणून बसलेल्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सुरू केलं, "डॉक्टर, तुमी आता मला इचारनार, ताप कवापासनं हाय. तर परवापासनं हाय. मग तुमी म्हननार जीभ दावा. ही घ्या. आता तुमी मान हालवनार आन म्हननार, बाई, लय उशीर केलासा." पैलवानानं मान हलवली. सगळा प्रवेश त्यांनी एकटीनं असा ओढून नेला. दुसऱ्या दिवशी गावात बोलणं काय, तर डॉक्टर थोडकंच बोलला पण काम भारदस्त केलं. बाईंनी ते ऐकून पैलवानाला नमस्कार केला.

त्यांच्या दोन सवयी मला सुरुवातीला अजब वाटायच्या. एक म्हणजे स्टेजवर त्या कधी पायात काही घालत नसत. बंगल्यातल्या मालकिणीचं काम असो नाहीतर मोलकरणीचं, पाय अनवाणीच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "देवाच्या जत्रंत आलूया, वहाना कशाला?" दुसरी सवय गिरणीची. एस.टी.तून उतरलं की बाकीच्या नट्या जिथं उतरायची सोय असेल तिथं पडायच्या. बाई मात्र ट्रंक माझ्या हवाली करून विचारायच्या, "पिठाची गिरण कुठं हाय?" आणि तास-दीड तास गिरणीत पोत्यावर बसून राहायच्या. मी कधी बोलवायला गेलो तर दळण घेऊन आलेल्या बायकांच्या घोळक्यात त्या हातवारे करून गप्पा मारत असायच्या. पट्ट्याच्या घरघरीत शब्द ऐकू येण्याची सोय नाही, तरी सगळ्याजणी पोट धरधरून हसत. बाहेर यायच्या त्या भुवया पांढऱ्या करून. मला वाटायचं, गावची खबर काढायला जातात. खबर त्या काढायच्याही. संध्याकाळी नाटकात कुणाच्या चालण्याची, कुणाच्या पदर सावरण्याची अशी हुबेहूब नक्कल यायची की बायकांच्या बाजूनं किंकाळ्याच उठत. पण गिरणीचं खरं कारण मला जतकडच्या एका खेपेत कळलं.

जत तालुक्यात, कर्नाटकाच्या अंगाला एक गाव होतं. निम्मी माणसं कानडी बोलणारी. तिथं रात्रीच्या खेळात पहिल्यांदाच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लोक हसत होते आणि बाईंचं पुढचं वाक्य त्या हशातच बुडून जात होतं. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. ज्या बाईचा हशा कधी वाया गेला नाही, तिची वाक्यंच्या वाक्यं वाया जात होती. मी म्हटलं, थकल्या असतील. सकाळी आम्ही फाट्यावर गाडीची वाट बघत होतो. मेंढरांचा एक कळप रस्ता ओलांडत होता. बाई रस्त्यात उभ्या राहून धनगराच्या पोरीकडे बघत होत्या, ती कोकरू कसं काखेत मारते ते. मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मेंढरं उधळली, पोरगी पळाली, मी ओरडलो, "बाई, गाडी!" बाई तशाच उभ्या. मी धावत जाऊन दंडाला धरून त्यांना ओढलं तेव्हा गाडी हातभर अंतरावर होती.

त्या गाडीत आम्ही चढलोच नाही. बाई लिंबाखाली ट्रंकेवर बसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, डावा कान ल्हानपनीच गेलाय. उजवा दोन वर्सं झाली, जातुया जातुया म्हनत हुता. आता गेला म्हना."

"मग माझं बोलणं?"

"व्हट बघती की तुमचे. तुमचं व्हट चांगलं हाय, सावकास हालत्यात."

नाटकं तोंडपाठ होती, समोरच्याचे ओठ वाचता येत होते, त्यामुळे त्यांचं निभत होतं. गिरणीत तर काय, सगळेच बहिरे. तिथं त्या चारचौघींसारख्या असायच्या. अडत होतं ते एकाच जागी. समोर पेट्रोमॅक्सचा झगझगाट, त्यापलीकडे अंधार, आणि त्या अंधारातला हशा त्यांना ऐकू येत नव्हता. फळ्यांचं स्टेज असलं की हशाची थरथर तळपायाला कळायची, म्हणून अनवाणी. पण गावोगावची स्टेजं मातीचा भराव घालून केलेली. "मातीवर पाय बी बहिरा हुतुया," त्या म्हणाल्या. "हसं कवा उठलं ते मला ठावं असतंय. मीच उठवती न्हवं? पर कवा बसलं ते कसं कळावं? अण्णास्नी कळलं तर उद्यापासनं सुपारी बंद. आन स्टेज गेलं तर मी काय करू मास्तर? शिरवळला जाऊन भिंतीसंगं बोलत बसू?"

हे त्यांनी रडत सांगितलं नाही. दळण कधी मिळेल असं विचारावं तशा सुरात सांगितलं. रडायला मलाच आलं, आणि ते लपवायला मी खिशातून पेन्सिल काढून तिच्याशी चाळा करत बसलो. त्या पेन्सिलीकडे बघत बाई म्हणाल्या, "ती असू द्या हातात."

त्या लिंबाखालीच आमची खूण ठरली. मी डाव्या विंगेत उभा राहायचं, नेहमीसारखा बसायचं नाही. लोक हसताहेत तोवर पेन्सिल उभी. हशा ओसरायला लागला की तिरकी. पार थांबला की आडवी. मी म्हटलं, आडवी झाली की तुम्ही बोला. तर बाई मलाच शिकवायला लागल्या. "न्हाई न्हाई. तिरकी झाली की बोलनार. हसं पार मरू द्यायचं नसतं. चुलीत निखारा हाय तवरच म्होरलं लाकूड सारायचं. आडवी व्हायची पाळी आली तर समजा, चूल इजली."

पुढची चार-पाच वर्षं मी असा विंगेत उभा राहिलो. वहीत बघणं माझं जवळजवळ सुटलंच. नायकाला वाक्य सांगायचं ते पाठ झालेलं तोंडानं सांगायचो, आणि कान लोकांकडे, डोळे बाईंकडे. हशा किती प्रकारचा असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पुरुषांचा एकदम फुटतो आणि एकदम संपतो. बायकांचा उशिरा येतो, पण कोपऱ्याकोपऱ्यातून रेंगाळत राहतो. मुलं हसतात ती मोठ्यांना हसताना बघून. हे सगळं ऐकायचं आणि बोटांतल्या पेन्सिलीनं सांगायचं. बाई कधी थेट माझ्याकडे बघत नसत. डोळ्याच्या कोपऱ्यातून नुसती एक नजर यायची, पेन्सिल तिरकी व्हायची आणि वाक्य सुटायचं. माझ्या आयुष्यात मी कोर्टाच्या हजारो नकला काढल्या. त्यातली एकही आठवत नाही. ही पेन्सिल मात्र अजून बोटांत जाणवते.

धोका फक्त एकच होता, मिशांचा. ओठांवर मिशी आली की बाईंना शब्द दिसत नसत. चिकटवायच्या मिशा त्या स्वतः तपासायच्या आणि कात्रीनं खालून भादरून टाकायच्या. "जरा वर चिकटवा, नाकाखाली. रुबाबदार दिसतंय." नटांना वाटायचं, बाईंना शोभेची जाण आहे. पण साताऱ्याजवळच्या एका गावात खलनायकाचं काम एका निवृत्त सुभेदारांनी घेतलं. त्यांची मिशी खरी. ओठ तर नाहीच, पण हनुवटीचा वरचा भागही दिसत नव्हता. दुपारच्या तालमीत बाईंनी गोड बोलून बघितलं, कात्री पुढे करून बघितली. सुभेदार म्हणाले, "मिशी पलटनीत ठेवलीय. साहेबानं उतरव म्हटलं तवा उतरवली न्हाई. ऑर्डर इज ऑर्डर, पर मिशी इज मिशी."

संध्याकाळपर्यंत बाईंचा चेहरा उतरलेला. सुभेदार वाक्यं मनाला येतील तशी बोलत, त्यामुळे पाठ असल्याचाही उपयोग नव्हता. पहिला प्रवेश आला. सुभेदार गरजले. बाईंना एक अक्षर कळलं नाही हे मला विंगेतून दिसलं. मी पेन्सिल टाकून वही उघडली, पण तेवढ्यात बाई दोन पावलं पुढे झाल्या, कमरेवर हात ठेवून सुभेदारांच्या मिशीकडे न्याहाळून बघितलं आणि म्हणाल्या, "आवं, आतनं कोन बोलतंय? जरा पडदा वर करा की!" लोक कोसळले. आणि सुभेदारांनी, फौजेतला हुकूम ऐकावा तसं, दोन्ही हातांच्या चिमटीत मिशी धरून वर उचलली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुढे नाटकभर बाईंशी बोलायची वेळ आली की ते आधी मिशी उचलायचे. ती जोडी त्या भागात इतकी गाजली की सुभेदारांनी पुढे दोन जत्रांत बाईंसाठी स्वतः सुपारी दिली. आम्ही निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई लय हुशार. माझी मिशी वाया जाऊ दिली न्हाई." त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. अण्णांनाही नाही. कुणालाच नाही.

मला ते दिवस फार सुखाचे वाटायचे हे आता कबूल करायला हरकत नाही. प्रेम म्हणतात ते हे होतं का, मी सांगू शकत नाही. माझा संसार होता आणि तो चांगला होता. पण एखाद्या माणसाला आपली गरज आहे, ती आपल्या कानांची आहे आणि हे जगात फक्त दोघांना ठाऊक आहे, याची एक वेगळीच नशा असते. सोमवारी कोर्टात बसलो की शनिवार कधी येतो असं व्हायचं.

आणि हे सगळं मीच घालवलं.

सांगलीला एक दुपारचा प्रयोग ठरला. चांगलं थिएटर, वरती पत्र्यांऐवजी पक्कं छत, खाली खुर्च्या. मुंबईच्या एका नाटक मंडळीचे मालक आपल्या कामासाठी सांगलीत आले होते, तेही बघायला येणार होते. अण्णांची धावपळ बघवत नव्हती. त्यांनी बंगल्याच्या सेटसाठी कुठून तरी एक जाडजूड गालिचा पैदा केला आणि स्टेजभर अंथरला. बाई आल्या, गालिच्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. फळ्यांचं स्टेज असून पायाखाली काही कळणार नव्हतं. अण्णा म्हणाले, "बाई, कसा आहे? राजवाड्यातल्यासारखा वाटतो की नाही?" बाई म्हणाल्या, "लय मऊ हाय अण्णा." मग माझ्याजवळ येऊन पेन्सिलीला टोक आहे का ते बोटानं चाचपून बघितलं. टोकाचा काही संबंध नव्हता, तरी बघितलं.

त्या नाटकात मुलगी बघायला पाहुणे येतात आणि बाई शेजारीण म्हणून आलेल्या. पाहुण्यांसाठी केलेले पोहे 'चव बघते हं' म्हणत चिमटी चिमटीनं ताटली रिकामी होईपर्यंत खातात. मग ताटली झाकून ठेवतात आणि म्हणतात, "पाहुणे जेवून आलेले दिसतात." हा प्रवेश मी कमीत कमी चाळीस वेळा बघितला असेल. लोक हसायचे, मी पेन्सिल धरायचो. त्या दुपारी बाईंनी ताटली रिकामी केली, झाकायला पदर उचलला आणि थांबल्या. गालात काहीतरी शोधलं. एक शेंगदाणा निघाला. तो त्यांनी दोन बोटांत धरला, पाहुण्यांच्या दाराकडे बघितलं, शेंगदाण्याकडे बघितलं, आणि मोठ्या मनानं तो ताटलीच्या मधोमध परत ठेवून वर पदर झाकला.

हे आधी कधी केलेलं नव्हतं. थिएटर फुटलं, आणि मीही फुटलो. पेन्सिल उभी धरली होती हे खरं, पण मी विंगेच्या खांबाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होतो. लोक हसले, थांबले, खाकरले. मी हसतच होतो. बाई वाट बघत होत्या. माझी पेन्सिल उभी, माझं तोंड हसरं, म्हणजे लोक हसताहेत असंच त्यांनी धरलं. सगळं थिएटर चिडीचूप होतं आणि बाई पदराखाली ताटली घेऊन निवांत उभ्या होत्या. पहिल्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली आणि मी हसायचा थांबलो. पेन्सिल तिरकी करू की आडवी, तेही मला उमजेना. बाईंनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना सगळं कळलं.

त्यांनी अर्धी मान वळवली. विंगेकडे, थेट माझ्याकडे. आणि म्हणाल्या, "मास्तर, झालं का हसून तुमचं? मग मी बोलते."

असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. लोक खुर्च्यांवर थापा मारत होते. मी पेन्सिल वर धरली, दोन्ही हातांनी धरली, आणि योग्य वेळी तिरकी केली. त्या वेळी मी रडत होतो.

प्रयोगानंतर मुंबईचे मालक आत आले. बाईंसमोर उभे राहून म्हणाले, "बाई, एवढा थांबा? आमच्याकडच्या एकाही नटाची एवढं थांबायची छाती नाही. लोक गप्प झाल्यावरही तुम्ही उभ्या! काय विश्वास आहे स्वतःवर!" बाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. मालकांना मिशी नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं बाईंना मुंबईला यायचं आमंत्रण दिलं, पगारी नटी म्हणून. जी माझी चूक होती ती त्यांची कला ठरली. बाईंनी खाली बघून हसून घेतलं आणि मला जागच्या जागी कोपऱ्यात उभं राहवेना.

महिन्याभरानं त्या निघाल्या. साताऱ्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागायची होती. तीच पत्र्याची ट्रंक. बाई म्हणाल्या, "चला की मास्तर. तितं बी कोर्टं असत्यालच."

थट्टेत म्हणाल्या, पण थट्टा नव्हती. मी म्हटलं, आईचं दुखणं आहे, नोकरी पक्की आहे, बदली अशी मिळत नाही. सगळं खरं होतं. बाई माझे ओठ बघत राहिल्या, मी बोलायचा थांबल्यावरही. मी खिशातून पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, उलटसुलट करून बघितली आणि माझ्या खिशात परत खोचली.

"पेन्सिल घिऊन काय करू? धरनारं मानूस पायजे."

गाडी आली. या वेळी त्यांना माझ्या आधी कळलं, कारण त्या वाटेकडेच डोळे लावून बसल्या होत्या. मी मुंबईला गेलो नाही. जायला हवं होतं असं मला आजही वाटतं, आणि गेलो असतो तर घरादाराचं काय झालं असतं हेही कळतं. दोन्ही खरं आहे. त्याला काही इलाज नाही.

अधूनमधून कार्ड यायचं. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या, पण अक्षर मोत्यासारखं. पहिल्या कार्डात होतं, 'इथल्या स्टेजला फळ्या आहेत. गालिचा नको म्हणून मालकांना सांगितले, पाय भाजतात म्हणून. पाय काम करतात. काळजी नसावी.' मग लहानमोठी कामं लागत गेल्याच्या बातम्या. मग बरीच वर्षं काही नाही. मधे अण्णा गेले. पडद्यांचा धंदा त्यांच्या मुलांनी बंद केला. जत्रेतली नाटकंही कमी होत गेली आणि माझ्याकडे शनिवार नुसते शनिवार म्हणून यायला लागले.

शेवटचं कार्ड आलं ते मुंबईत टेलिव्हिजन सुरू झाल्यानंतर. ते मी जपून ठेवलं आहे. 'मास्तर, आता टेलिव्हिजनच्या विनोदी कार्यक्रमात काम मिळाले आहे. एका बंद खोलीत करतात. समोर माणूस नाही. मोठे मोठे नट घाबरले आहेत, म्हणतात हशा ऐकू येत नाही तर पुढचे बोलायचे कधी? मी म्हणते, घाबरू नका. इथे सगळे पिठाच्या गिरणीसारखे आहे. कुणालाच काही ऐकू येत नाही. मला फार बरे वाटते. डाव्या अंगाला एक खांब आहे. तिथे तुम्ही उभे आहात असे धरते.'

या कार्डाला मी उत्तर लिहिलं आणि टाकलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं असेल, पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या शेजाऱ्यांकडे टेलिव्हिजन आला होता. संध्याकाळी सगळी आळी त्यांच्या खोलीत जमायची. मीही बहिणीबरोबर जाऊन दाराशी सतरंजीवर बसलो. बातम्या झाल्या, कुणाचं तरी गाणं झालं, आणि मग एका घरातल्या बैठकीचा देखावा आला. दारातून शेजारीण आत आली. ठेंगणी, अंगानं भरलेली. केस पांढरे झालेले, गोंदण तेवढं ओळखू येत होतं. पायात काही नव्हतं.

शेजारणीनं टेबलावरची ताटली जवळ ओढली आणि 'चव बघते हं' म्हणून पहिली चिमटी तोंडात टाकली. खोलीत खसखस पिकली. ताटली रिकामी होत गेली. बाईंनी पदर उचलला, थांबल्या, गालात काहीतरी शोधलं. तो शेंगदाणा निघाला. त्यांनी तो दोन बोटांत धरून नीट बघितला आणि ताटलीच्या मधोमध ठेवला.

माझ्याभोवतीची वीस-पंचवीस माणसं एकदम हसली. या वेळी मी हसलो नाही. माझं बोट आपोआप वर गेलं होतं आणि मी ते उभं धरून बसलो होतो, कान त्या खोलीकडे आणि डोळे बाईंकडे. बाई ताटली घेऊन उभ्या होत्या. डोळ्याच्या कोपऱ्यानं त्यांनी डाव्या अंगाला बघितलं.

आधी पुरुषांचं हसू थांबलं. मग मुलांचं. मागच्या कोपऱ्यात एक म्हातारी अजून हसत होती. मी बोट तिरकं केलं आणि बाई बोलल्या.